अमेरिकन्स ऑल, इमिग्रंट्स ऑल

अमेरिकन्स ऑल, इमिग्रंट्स ऑल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३८–३९ मध्ये प्रसारित झालेली शासकीय नभोवाणी-मालिका व तिची जतन झालेली ध्वनिमुद्रणे. मालिकेच्या नावाचा अर्थ ‘सगळेच अमेरिकन, सगळेच स्थलांतरित’ असा होतो. अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या निरनिराळ्या जनसमूहांचा इतिहास आणि राष्ट्राच्या जडणघडणीत त्यांनी घातलेली भर, हा तिचा विषय होता. संघीय शिक्षण कार्यालयाने ‘कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम’ (सीबीएस) ह्या खाजगी नभोवाणी-जालाच्या सहकार्याने तिची निर्मिती केली. १३ नोव्हेंबर १९३८ ते ७ मे १९३९ ह्या काळात दर रविवारी दुपारी अर्ध्या तासाचा एक, असे एकूण २६ कार्यक्रम प्रसारित झाले. स्थलांतरितांविषयीचा पूर्वग्रह दूर करण्यासाठी शासनाने नभोवाणीचा केलेला हा एक आरंभीचा व मोठा प्रयत्न होय. ह्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका शाळांना पुरविण्यात आल्या. त्यामुळे एरवी हवेत विरून गेला असता, असा त्या काळाचा एक महत्त्वाचा श्राव्य पुरावा अभ्यासकांना उपलब्ध झाला आहे.

पार्श्वभूमी : १८८० ते १९२० ह्या चाळीस वर्षांत दोन कोटींहून अधिक लोक अमेरिकेत आले. पूर्वीचे स्थलांतरित प्रामुख्याने ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी व स्कँडिनेव्हिया येथील होते; ह्या नव्या लाटेत इटालियन, पोलिश, रशियन, ज्यू, ग्रीक, हंगेरियन इ. दक्षिण व पूर्व यूरोपीय लोकांचे प्रमाण मोठे होते. त्यांची भाषा, धर्मपंथ आणि राहणी वेगळी असल्याने त्यांच्याविषयी जुन्या वसाहतकारांच्या वंशजांत संशय व तिटकारा वाढीस लागला. त्याचे पर्यवसान १९२४ च्या स्थलांतर अधिनियमात झाले. ह्या अधिनियमाने प्रत्येक देशाला वार्षिक कोटा ठरवून दिला आणि तो १८९० च्या जनगणनेत नोंदल्या गेलेल्या त्या देशीच्या लोकांच्या दोन टक्के इतका ठेवला. १८९० पर्यंत दक्षिण व पूर्व यूरोपातील फारच थोडे लोक अमेरिकेत आलेले असल्यामुळे हे आधारवर्ष निवडताच त्यांच्या प्रवेशाची दारे जवळजवळ बंद झाली. आशियाई लोकांना तर निरनिराळ्या कायद्यांनी आधीच मज्जाव करण्यात आला होता. चिनी मजुरांवर १८८२ पासून बंदी होती. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा फार मोठा भाग निषिद्ध क्षेत्र ठरविला होता. तर १९२३ मध्ये भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात भारतीय हे नागरिकत्वास पात्र असलेले ‘गोरे’ नव्हेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता.

प्रवेश थांबला, तरी आधी आलेल्यांचा प्रश्न उरलाच होता. १९३० मध्ये देशातील परदेशी जन्मलेल्या लोकांची संख्या सु. १ कोटी ४२ लाख होती. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले शाळांतून शिकत होती. घरची भाषा व चालीरीती ह्यांची लाज बाळगणे आणि आईबापांपासून दुरावणे, हा त्या पिढीचा नेहमीचा अनुभव होता. १९२९ नंतरच्या महामंदीत बेकारी वाढली, तेव्हा परक्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या, ही तक्रार पुन्हा तीव्र झाली. जर्मनीत नाझी राजवट आल्यावर वंशद्वेषाच्या प्रचाराचे पडसाद अमेरिकेतही उमटू लागले. नभोवाणी हे त्या प्रचाराचेही साधन होते. मिशिगनमधील चार्ल्स कॉग्लिन हा रोमन कॅथलिक धर्मगुरू आपल्या नभोवाणी-भाषणांतून ज्यूविरोधी मते मांडत असे व त्याला फार मोठा श्रोतृवर्ग लाभला होता. जर्मनीतील ज्यूंची घरे, दुकाने व प्रार्थनामंदिरे ह्यांवर ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री हल्ले झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी ह्या मालिकेचा पहिला कार्यक्रम प्रसारित झाला आणि आणखी एका आठवड्याने कॉग्लिनने त्या हल्ल्यांचे समर्थन करण्याच्या सुराचे भाषण केले. ज्या रविवार दुपारी हे भाषण झाले, त्याच दुपारी ह्या मालिकेचा दुसरा कार्यक्रमही ऐकविण्यात आला होता.

शिक्षण कार्यालय व नभोवाणी : अमेरिकेत नभोवाणी प्रारंभापासून खाजगी कंपन्यांच्या हाती होती. संघशासनाचे स्वतःचे देशव्यापी नभोवाणी-जाल नव्हते. १९३४ च्या दळणवळण अधिनियमाच्या वेळी काही प्रक्षेपण-वाहिन्या शैक्षणिक संस्थांसाठी राखून ठेवाव्यात, अशी मागणी झाली होती. परंतु ती मान्य झाली नाही. त्याऐवजी खाजगी कंपन्यांनी लोकहिताच्या कार्यक्रमांना स्वखुशीने वेळ द्यावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. ज्या वेळेला जाहिरातदार मिळत नसे, ती वेळ अशा कार्यक्रमांना देणे कंपन्यांनाही सोयीचे होते. ह्या व्यवस्थेचा लाभ शिक्षण कार्यालयाचे आयुक्त जॉन वॉर्ड स्टूडबेकर (१८८७–१९८९) ह्यांनी करून घेतला. सार्वजनिक प्रश्नांवर नागरिकांनी एकत्र येऊन चर्चा करावी, ह्या मताचे ते पुरस्कर्ते होते. १९३५ नंतर मंदीनिवारणाच्या योजनांतून मिळालेल्या निधीवर त्यांनी नभोवाणी विभाग उभा केला. बेकार झालेले लेखक, संशोधक, नट व वादक ह्यांना त्यातून काम मिळाले. विज्ञानविषयक द वर्ल्ड इज युअर्स, नागरी स्वातंत्र्यांविषयीची लेट फ्रीडम रिंग आणि लॅटिन अमेरिकेविषयीची ब्रेव्ह न्यू वर्ल्ड ह्या ह्याच विभागाच्या मालिका होत. १९४० च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून अधिक कुटुंबांकडे नभोवाणीसंच असल्याचे आढळले. म्हणजे वर्तमानपत्र न वाचणाऱ्या वा इंग्रजी वाचू न शकणाऱ्या माणसापर्यंतही पोहोचू शकणारे हे साधन होते.

कल्पना व निर्मिती : मालिकेची मूळ कल्पना रेचेल डेव्हिस डूबॉइस (१८९२–१९९३) ह्या शिक्षिकेची. न्यू जर्सी राज्यातील एका क्वेकर शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वुडबरी येथील माध्यमिक शाळेत शिकवीत असता १९२० नंतरच्या दशकात त्यांनी एक प्रयोग केला. शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांच्या सभेत दर वेळी एकेका जनसमूहाचे संगीत, कथा, नाट्यप्रवेश व कर्तबगार व्यक्ती ह्यांचा परिचय करून देण्यात येई. नंतर त्या समूहातील पाहुण्यांसमवेत विद्यार्थ्यांच्या लहान गटांचा चहापानाचा कार्यक्रम होई आणि शेवटी वर्गात त्याच विषयाचा अभ्यास केला जाई. भावना, प्रत्यक्ष सहवास आणि बुद्धी ह्या तिन्ही मार्गांनी मन बदलले पाहिजे, केवळ माहिती देऊन पूर्वग्रह जात नाहीत, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. ह्या प्रयोगाला स्थानिक पातळीवर विरोधही झाला. १९३४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे ‘सर्व्हिस ब्यूरो फॉर इंटरकल्चरल एज्युकेशन’ ही संस्था काढली. निरनिराळ्या समूहांविषयीचे अभ्याससाहित्य तयार करून शाळांना पुरविणे, हे तिचे कार्य होते. एका शाळेच्या सभागृहात जे घडू शकते, ते नभोवाणीने देशभर घडविता येईल, ह्या विचाराने त्यांनी आपली योजना शिक्षण कार्यालयापुढे मांडली.

संहितालेखनासाठी सीबीएसने गिल्बर्ट सेल्डस (१८९३–१९७०) ह्यांची निवड केली. चित्रपट, जॅझ संगीत, विनोदी चित्रमालिका इ. लोकप्रिय कलांचा गंभीरपणे विचार करणारे समीक्षक म्हणून द सेव्हन लाइव्हली आर्ट्‌स (१९२४) ह्या ग्रंथामुळे ते प्रसिद्ध होते. न्यू जर्सीतील अलायन्स ह्या ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहतीत त्यांचा जन्म झाला होता. डूबॉइस ह्यांच्या संस्थेने संशोधन करून टिपणे पुरवावयाची, सेल्डस ह्यांनी त्यांवरून संहिता लिहावयाची, शिक्षण कार्यालयाने ती तपासावयाची आणि सीबीएसने नट, वादक व तंत्रज्ञ ह्यांच्या साहाय्याने ती प्रसारित करावयाची, अशी कामाची विभागणी होती. मंदीनिवारणासाठी स्थापन झालेल्या ‘वर्क्स प्रोग्रेस ॲड्‌मिनिस्ट्रेशन’ ह्या शासकीय यंत्रणेचेही साहाय्य होते.

मतभेद : डूबॉइस व सेल्डस ह्यांचा विरोध पूर्वग्रहाला होता; मात्र उपायाविषयी त्यांचे एकमत नव्हते. प्रत्येक समूहाला स्वतंत्र कार्यक्रम द्यावा, असा डूबॉइस ह्यांचा आग्रह होता. ज्या मुलाला आपल्या आईबापांची लाज वाटते, त्याला आपल्या लोकांचे नाव व कर्तृत्व देशभर ऐकू येणाऱ्या आवाजात कळले, तरच त्याचा आत्मसन्मान परत येईल, अशी त्यांची भूमिका होती. उलट सर्व समूहांची सरमिसळ होऊन एक राष्ट्र कसे बनले, ही कथा अखंडपणे सांगावी, असे सेल्डस व शिक्षण कार्यालय ह्यांना वाटत होते. समूहांना वेगवेगळे मांडल्यास त्यांचे वेगळेपण अधिकच ठसेल आणि कोणाचा वाटा मोठा, ह्याची चढाओढ लागेल, अशी त्यांना भीती वाटे. हा वाद केवळ दोन व्यक्तींमधील नव्हता. इझ्रेएल झँग्‌विल ह्याच्या द मेल्टिंग पॉट (१९०८) ह्या नाटकाने रूढ केलेली, सर्व समूह वितळून एकजीव होणाऱ्या मुशीची कल्पना आणि होरेस कॅलन ह्या विचारवंताने १९१५ पासून मांडलेला सांस्कृतिक अनेकतावाद, ह्या दोन विचारप्रवाहांतील तो संघर्ष होता. अखेरीस तडजोड झाली : काही कार्यक्रम समूहवार, तर काही कालखंड वा कार्यक्षेत्र ह्यांना धरून करावयाचे ठरले.

मालिकेची रचना : पहिला कार्यक्रम नव्या भूमीकडे येणाऱ्या माणसांच्या प्रेरणांविषयी होता. त्यानंतर इंग्रज व स्पॅनिश परंपरा, स्कॉटिश व वेल्श लोक, आफ्रिकी अमेरिकन, फ्रेंच भाषिक व डच, आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन, ज्यू, स्लाव्ह, पौर्वात्य, इटालियन आणि निकटपूर्वेकडील लोक ह्यांच्यावरील कार्यक्रम क्रमाक्रमाने झाले. त्यांच्या अधूनमधून स्वातंत्र्यप्राप्ती, लोकशाहीचा उदय आणि सीमाप्रदेशाचा अंत हे ऐतिहासिक टप्पे गुंफले होते. शेवटच्या काही कार्यक्रमांत उद्योग, विज्ञान, कला व समाजसुधारणा ह्या क्षेत्रांतील सर्वांच्या एकत्रित कार्याचा आढावा होता. तसेच न्यू इंग्लंडमधील एक गाव आणि एक औद्योगिक नगर ह्यांची उदाहरणे घेऊन हे समूह प्रत्यक्षात एकमेकांशेजारी कसे राहतात, हे दाखविले होते.

कार्यक्रमांचे स्वरूप नाट्यात्म होते. निवेदकाच्या कथनाबरोबर लहानलहान प्रवेश, वाद्यवृंद, लोकगीते, जहाजाच्या भोंग्यापासून लोहाराच्या घणापर्यंतचे ध्वनिपरिणाम व निरनिराळ्या धाटणीचे उच्चार ह्यांचा वापर केला जाई. मांडणीचा गाभा मात्र बहुधा एकच असे : हे लोक मायदेश सोडून का आले, येथे त्यांनी कोणते कष्ट उपसले, आणि आजच्या अमेरिकन जीवनातील कोणती गोष्ट त्यांच्यामुळे आहे. स्थलांतरितांची देणगी सांगणाऱ्या त्या काळच्या साहित्यात अंतर्गत युद्धातील मॉनिटर ह्या चिलखती नौकेचा स्वीडिश अभिकल्पक जॉन एरिक्सन, जर्मन निर्वासित राजकारणपटू कार्ल शूर्ट्‌स, सर्बियन भौतिकीविज्ञ मायकेल प्यूपिन, विद्युत् अभियंता चार्ल्स स्टाइनमेट्‌स ह्यांची नावे वारंवार येत. त्यांच्या जोडीला कालवे खणणारे आयरिश, लोहमार्ग घालणारे चिनी आणि कोळशाच्या खाणींत व पोलाद कारखान्यांत राबणारे स्लाव्ह मजूर ह्यांनाही ह्या मालिकेच्या दृष्टिकोनात स्थान होते. थोर पुरुषांच्या यादीपलीकडे जाऊन नाव नसलेल्या मजुराचे ऋण राष्ट्रीय प्रसारणात मान्य करणे, ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

काही विवाद्य कार्यक्रम : आफ्रिकी अमेरिकनांवरील कार्यक्रम १८ डिसेंबर १९३८ रोजी ‘द निग्रो’ ह्या तत्कालीन शीर्षकाने प्रसारित झाला. साखळदंडांत बांधून आणलेल्या माणसांना ‘स्थलांतरित’ म्हणावयाचे काय, हा मालिकेच्या नावानेच निर्माण केलेला प्रश्न येथे उभा राहिला. संहितेच्या मसुद्यावर डब्ल्यू. ई. बी. डूबॉइस (१८६८–१९६३) व ॲलन लॉक (१८८५–१९५४) ह्या दोन ख्यातनाम कृष्णवर्णीय विचारवंतांचा सल्ला घेण्यात आला. (रेचेल डूबॉइस व डब्ल्यू. ई. बी. डूबॉइस ह्यांचे नाते नव्हते. स्नेह मात्र होता.) मसुद्यातील मांडणीला दोघांनीही हरकती घेतल्या व त्यानुसार संहितेत फेरफार झाले. तरीही आफ्रिकी अमेरिकनांच्या वाट्याला आलेला दैनंदिन पक्षपात, मतदानापासूनची वंचना आणि झुंडीकडून होणाऱ्या हत्या ह्यांविषयी शासकीय प्रसारणात किती बोलता येईल, ह्याला मर्यादा होत्याच. दक्षिणेकडील राज्यांतील केंद्रे व लोकप्रतिनिधी ह्यांचा रोष ओढवून घेण्यास शासन तयार नव्हते. ह्या कार्यक्रमाचा पुढे एक चांगला परिणाम झाला. शिक्षण कार्यालयातील कृष्णवर्णीय अधिकारी अँब्रोझ कॅलिव्हर (१८९४–१९६२) ह्यांच्या प्रयत्नाने फ्रीडम्स पीपल ही केवळ आफ्रिकी अमेरिकनांच्या जीवनावरील मालिका १९४१-४२ मध्ये प्रसारित झाली.

ज्यूंवरील कार्यक्रम फेब्रुवारी १९३९ मध्ये झाला. इतर समूह त्यांच्या मूळ देशांवरून ओळखले जात. ज्यू मात्र अनेक देशांतून आलेले होते. त्यांना स्वतंत्र समूह मानावे, की जर्मन, रशियन, पोलिश म्हणून विखरून दाखवावे, ह्यावर बराच खल झाला. काही ज्यू नेत्यांचाही स्वतंत्र कार्यक्रमाबद्दल आक्षेप होता. ज्यू हा वेगळा वंश आहे, हाच नाझींचा दावा असल्याने कौतुकाच्या हेतूने केलेली वेगळी मांडणीही अपायकारक ठरेल, असे त्यांना वाटत होते. अखेर कार्यक्रम स्वतंत्रच झाला.

पौर्वात्यांवरील कार्यक्रमातील विसंगती सर्वांत ठळक होती. ज्यांच्या देणगीचा गौरव शासकीय प्रसारणात केला जात होता, त्यांपैकी परदेशी जन्मलेल्यांना त्याच शासनाच्या कायद्याने नागरिकत्व मिळू शकत नव्हते. प्रसारणानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट ह्यांच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सु. १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून तळांत डांबण्यात आले. त्यांतील सु. दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

प्रतिसाद व शैक्षणिक वापर : मालिकेला शिक्षण कार्यालयाच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा प्रतिसाद मिळाला. श्रोत्यांकडून हजारो पत्रे आली. आपल्या आईवडिलांच्या देशाचे नाव नभोवाणीवर आदराने घेतले गेल्याचे समाधान अनेकांनी व्यक्त केले. आपल्या समूहाला पुरेसा वेळ मिळाला नाही वा तो वगळला गेला, अशा तक्रारीही आल्या. शिक्षकांकडून संहिता व ध्वनिमुद्रिका ह्यांची मागणी होऊ लागली. श्रोत्यांसाठी १९३९ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढण्यात आली. कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका तयार करून त्या शाळा, ग्रंथालये व नागरी संघटना ह्यांना विकत देण्याची सोयही करण्यात आली. रविवार दुपारच्या प्रसारणापेक्षा वर्गात पुन्हापुन्हा ऐकविता येणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा उपयोग अधिक, असे डूबॉइस ह्यांचे मत होते. कारण ऐकल्यानंतर होणारी चर्चा हा त्यांच्या पद्धतीचा आवश्यक भाग होता.

मालिका संपल्यावर मात्र ही चळवळ विस्कळीत झाली. समूहवार गौरवाने फुटीरतेला खतपाणी मिळते, हा आक्षेप युद्धाच्या छायेत बळावला. संस्थेच्या धोरणाविषयी मतभेद होऊन डूबॉइस १९४१ मध्ये तिच्यातून बाहेर पडल्या. शिक्षण कार्यालयाच्या नभोवाणी विभागावर शासकीय प्रचाराचा आरोप होत होता; १९४० मध्ये काँग्रेसने त्याचा निधी थांबविल्यामुळे त्याचे कार्य आटोपते घ्यावे लागले.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र : त्या काळी मोठी नभोवाणी-जाले आपले कार्यक्रम प्रत्यक्ष सादरीकरणातूनच प्रसारित करीत, मुद्रित कार्यक्रम लावणे त्यांच्या धोरणाविरुद्ध होते. त्यामुळे बहुसंख्य कार्यक्रम प्रसारणाबरोबर नष्ट झाले. जे टिकले, ते नोंदीसाठी, पुनर्वापरासाठी वा विक्रीसाठी तबकड्यांवर मुद्रित केल्यामुळे. चुंबकीय फितीचा वापर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. तोपर्यंत ॲल्युमिनियमच्या चकतीवर सेल्युलोज नायट्रेटयुक्त लॅकरचा मऊ थर देऊन केलेली तबकडी वापरीत. प्रसारण चालू असतानाच तीवर सुईने खोबण कोरली जाई व ती लगेच वाजविता येई. अशी तबकडी सु. ४० सेंमी. व्यासाची असून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने तिच्या एका बाजूवर सु. १५ मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. म्हणजे अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमास दोन बाजू लागत. अनेक प्रती हव्या असल्यास मूळ मुद्रणावरून धातूचा साचा काढून कठीण द्रव्याच्या तबकड्या दाबून काढीत. अनेक शाळांकडील साधे ग्रामोफोन मिनिटाला ७८ फेरे घेणारे असत. त्या गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांहून अधिक ध्वनी मावत नसल्याने तोच कार्यक्रम तीन-चार तबकड्यांवर विभागावा लागे.

लॅकरची तबकडी अल्पजीवी असते. थर लवचीक राहावा म्हणून त्यात मिसळलेले एरंडेल तेल कालांतराने विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरट मेणचट पूड साचते. थर आकसतो, परंतु खालचा धातू आकसत नाही. त्यामुळे थराला तडे जाऊन त्याचे पापुद्रे निघतात व त्यावरील ध्वनी कायमचा नाहीसा होतो. शिवाय मऊ खोबण दर वाजविण्यागणिक झिजते. म्हणून अशा तबकड्या थंड व कोरड्या जागी उभ्या ठेवतात. पुनर्मुद्रणापूर्वी त्या काळजीपूर्वक स्वच्छ करतात, खोबणीच्या रुंदीला जुळणारी सुई निवडतात आणि शक्यतो एकदाच वाजवून ध्वनी अंकीय स्वरूपात उतरवून घेतात. मूळ ध्वनीतील खरखर नंतर कमी करता येते. तथापि काहीही न बदललेली एक प्रत जपून ठेवणे, हा अभिलेखागारांचा नियम आहे. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

जतन व संग्रह : १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे शिक्षण कार्यालयाची कागदपत्रे व ध्वनिमुद्रणे आहेत. न्यूयॉर्क महापालिकेच्या मालकीचे नभोवाणी केंद्र म्हणून १९२४ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूएनवायसीच्या संग्रहातही ह्या मालिकेची ध्वनिमुद्रणे असून अंकीकरणामुळे ती आता जगात कोठेही ऐकता येतात. रेचेल डूबॉइस ह्यांची कागदपत्रे मिनेसोटा विद्यापीठाच्या स्थलांतर-इतिहास संशोधन केंद्रात ठेवण्यात आली आहेत. संहिता, पत्रव्यवहार व प्रत्यक्ष ध्वनी ही तिन्ही साधने एकत्र उपलब्ध असल्यामुळे मसुद्यात काय लिहिले होते, कोणाच्या हरकतीवरून काय गाळले गेले आणि शेवटी श्रोत्यांच्या कानी काय पडले, ह्याचा मागोवा घेता येतो. नभोवाणीच्या आरंभीच्या इतिहासात अशी संधी क्वचितच मिळते. कागदावरील संहितेतून न कळणारी माहितीही ध्वनिमुद्रणांतून मिळते : कोणत्या पात्राला परकीय उच्चार दिला आहे आणि कोणाला शुद्ध अमेरिकन, कोणत्या समूहासाठी कोणते संगीत योजिले आहे, कोणत्या वाक्यावर निवेदकाचा आवाज चढतो आणि कोठे तो घाईने पुढे जातो.

मूल्यमापन : मालिकेच्या उणिवा उघड आहेत. पूर्वग्रहाला बळी पडलेल्यांचे कर्तृत्व तिने सांगितले. पूर्वग्रह बाळगणाऱ्यांविषयी ती फारसे बोलली नाही. कामगारांचे संप, दंगली व पक्षपात ह्यांचे चित्रण सौम्य झाले. सगळेच स्थलांतरित, ह्या सूत्रात देशातील मूलनिवासी जमाती बसत नव्हत्या. समूहवार कार्यक्रमांत त्यांना स्वतंत्र कार्यक्रम मिळाला नाही. सर्वांत मूलभूत आक्षेप ‘देणगी’च्या कल्पनेवरच घेतला जातो. एखाद्या समूहाने राष्ट्राला काय दिले, ह्यावर त्याचा मान ठरू लागला, की समान वागणूक हा हक्क न राहता मोबदला ठरतो आणि सांगण्यासारखे काही मोठे न केलेल्या सामान्य माणसाची बाजू लंगडी पडते. शिवाय आधी आलेल्यांचा गौरव करणारी ही मालिका दाराबाहेर उभ्या असलेल्यांविषयी गप्प होती. जर्मनीतील २०,००० निर्वासित मुलांना कोट्याबाहेर प्रवेश द्यावा, असे विधेयक मालिका चालू असतानाच, फेब्रुवारी १९३९ मध्ये काँग्रेसपुढे आले. ते संमत झाले नाही. शेवटच्या कार्यक्रमानंतर सहाच दिवसांनी ९०० हून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन हँबर्गहून निघालेल्या सेंट लूइस ह्या जहाजाला क्यूबाप्रमाणेच अमेरिकेनेही उतरण्याची परवानगी दिली नाही व त्याला यूरोपात परतावे लागले.

असे असले, तरी मालिकेचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही. राष्ट्राचा इतिहास हा एकाच मूळ वंशाचा वारसा नसून येथे आलेल्या सर्वांच्या श्रमाचा इतिहास आहे, ही गोष्ट शासनाने आपल्या नावाने एवढ्या मोठ्या श्रोतृसमुदायाला सांगण्याचा तो आरंभ होता. शाळांतील बहुसांस्कृतिक शिक्षणाची जी चळवळ १९६० नंतर पुढे आली, तिचा एक पूर्वसूरी म्हणून डूबॉइस ह्यांच्या कार्याकडे आता पाहिले जाते. कायदा मात्र सावकाशीने बदलत गेला. चिन्यांवरील बंदी १९४३ मध्ये उठली. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क व वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा मिळाला. तर राष्ट्रवार कोट्यांची पद्धत १९६५ च्या अधिनियमाने रद्द ठरविली. आज अमेरिकेत राहणारे बहुतेक भारतीय, आणि त्यांत तेथे स्थायिक झालेली बहुसंख्य मराठी कुटुंबेही, ह्या शेवटच्या बदलानंतरच तेथे जाऊ शकली. स्थलांतरितांच्या हक्कांचा व राष्ट्राच्या ओळखीचा वाद अद्याप मिटलेला नसल्यामुळे १९३८-३९ ची ही ध्वनिमुद्रणे इतिहासकारांबरोबरच शिक्षकांनाही उपयुक्त वाटतात. शासनाने काय सांगितले आणि त्याच वेळी काय केले, हे दोन्ही शेजारी ठेवून तपासण्याचे साधन त्यांच्या रूपाने उपलब्ध झाले आहे. [⟶ नभोवाणी, स्थलांतर].